चाळिशीला टेकलेय, बाळ ठेवू का नको?

मागच्या उन्हाळ्यात भर दुपारी माझ्या दवाखान्यात एक बाई आल्या, सुनीता म्हणू, नाव बदललंय. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात चेकिंगला असतात. वय ३९, दिवस गेलेत, दुसरा महिना. वडील लवकर गेले, पाठच्या तिघांचं करता करता स्वतःचं लग्न ३७ व्या वर्षी झालं. पदराचं टोक बोटाला गुंडाळायच्या, सोडायच्या, परत गुंडाळायच्या, आणि पहिलंच वाक्य, "मॅडम, गोळी घेऊन मोकळं व्हावं म्हणते." का? तर शेजारच्या मावशी म्हणाल्या, चाळिशीतलं लेकरू अधू निघतं.

"तुम्हाला बाळ नकोय का?" एवढंच विचारलं तर रडायलाच लागल्या. नको असतं तर मी एका शब्दानं अडवलं नसतं, तो त्यांचा निर्णय. पण हवं असताना निव्वळ भीतीपोटी?

हाच प्रश्न घेऊन इतक्या जणी येतात म्हणून त्यांना सांगितलं तेच लिहिते. वयाबरोबर डाऊन सिंड्रोमची (एक गुणसूत्र जास्त असतं, त्यानं बाळाची वाढ आणि शिकणं मंद होतं) शक्यता वाढते हे खरंय, खोटा धीर मी देत नाही. पंचविशीत साधारण १२५० बाळांत १, पस्तिशीत ३५० त १, चाळिशीत १०० त १. सुनीता क्षणभर थांबून म्हणाल्या, "म्हणजे शंभरातल्या नव्याण्णवांना नसतं की." दिवसभर फॉल्ट मोजणारी बाई, हिशोब पक्का. आणि ज्या एकाला असतं ते लेकरूही फॉल्टी माल नसतं बरं का, हेही मी तिथंच बोलले.

मग तपासण्या. ११ ते १३ आठवड्यांत एनटी स्कॅन, म्हणजे बाळाच्या मानेमागची जाडी मोजणारी सोनोग्राफी, आणि डबल मार्कर, म्हणजे आईच्या रक्ताची तपासणी, १८ ते २० आठवड्यांत अॅनॉमली स्कॅन, म्हणजे बाळाचे अवयव नीट आहेत का ते बघणारी सोनोग्राफी. डबल मार्कर फक्त अंदाज देतो, हाय रिस्क आला म्हणजे बाळाला आजार आहेच असं नाही, पक्कं कळायला गर्भाशयातलं बाळाभोवतीचं थोडं पाणी काढून तपासतात, त्यात गर्भ पडायचा थोडा धोका असतो म्हणून सरसकट करत नाहीत. गर्भ पडण्याचं प्रमाणही चाळिशीत जास्त, जवळपास तिघींत एकीचा पडतो, आणि पडला तरी बाईनं काही चुकीचं केलं म्हणून नाही हो, बहुतेक वेळा गुणसूत्रांतच गडबड असते.

पण मला खरी काळजी दुसरीच असते. सगळ्या बाळाचं विचारतात, स्वतःच्या बीपी आणि शुगरचं कुणीच विचारत नाही, आणि या वयात ते जास्त वाढतात. डोकं ठणकणं, डोळ्यापुढं अंधारी, चेहऱ्यावर अचानक सूज, असलं काही झालं की "उन्हानं झालं असेल" म्हणत घरी बसायचं नाही, रात्र असो दिवस असो दवाखाना गाठायचा. पैशाची अडचण असेल तर सरकारी दवाखान्यात दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायांची तपासणी मोफत असते, तिथं जा. फॉलिक अॅसिडची गोळी तर चुकवायचीच नाही.

पुढच्या वेळी नवऱ्याला घेऊन या म्हटलं, तर सासूबाईच आल्या. "आमच्या वेळी कुठं होतं हे सगळं?" पण ऐकून घेतलं त्यांनी. डबल मार्कर लो रिस्क आला. सहाव्या महिन्यात शुगर वाढली, भात कमी केला, ज्वारीची भाकरीसुद्धा मोजून, जेवणानंतर गल्लीत फेऱ्या, तरी शेवटी इन्सुलिन लागलंच. आठवा संपता संपता बीपी चढलं, अॅडमिट केलं, आणि ३७ व्या आठवड्यात सिझर. मुलगी, अडीच किलो.

बाळंतपणानंतर शुगर परत तपासायची असते, दीड ते तीन महिन्यांत, आणि हे हमखास विसरलं जातं कारण सगळं घर बाळात. मी फोन केला तर म्हणाल्या, "कालच रक्त देऊन आले मॅडम, सासूबाईंनीच आठवण केली."