वाचकांचे प्रश्न : घरकामासाठी कुवेतला जाताना

प्रश्न : माझी जाऊ ३४ वर्षांची, आठवी शिकलेली. कुवेतमध्ये घरकामाची नोकरी आहे. एजंट ९० हजार मागतो. म्हणतो, ‘आधी व्हिजिट व्हिसावर जा, तिथे बदलून देऊ.’ पाठवावं का?

उत्तर : या वाटेने अजिबात पाठवू नका. व्हिजिट व्हिसावर काम करणं बेकायदा. शिवाय ई-मायग्रेटवर (परदेशी कामाला जाणाऱ्यांच्या सरकारी पोर्टलवर) नोंद होत नाही, म्हणून करार तपासला जात नाही आणि १० लाखांचा प्रवासी भारतीय बीमा, म्हणजे परदेशी कामगारांसाठीचा सरकारी योजनेतला विमाही मिळत नाही. पगार थकला तर दाद मागायला हातात कागदच नसतो.

दहावी न झालेल्यांचा पासपोर्ट ‘ईसीआर’ असतो, म्हणजे ठरावीक देशांत कामाला जाण्याआधी सरकारी मंजुरी लागते. अशा बाईला घरकामासाठी कुवेतला जायला वयाची ३० वर्षं पूर्ण हवीत आणि भरती सरकारी संस्थेमार्फतच व्हावी लागते. हा खासगी एजंट तिला कायदेशीरपणे पाठवूच शकत नाही. परवानाधारक एजंटलाही कोणाकडून ३० हजार आणि जीएसटीपेक्षा जास्त घेता येत नाही, तेही पावतीसह. मुंबईच्या प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स (परदेशी कामाला जाणाऱ्यांच्या संरक्षणासाठीचा सरकारी अधिकारी) कार्यालयात तक्रार करा.

योग्य मार्गाने गेली, तर कुवेतचा २०१५ चा घरकामगार कायदा तिच्या बाजूने आहे : दिवसाला जास्तीत जास्त १२ तास काम, आठवड्याला एक पगारी सुट्टी, वर्षाला ३० दिवस रजा. पासपोर्ट मालकाने ठेवून घ्यायला कायद्याने मनाई आहे. तरी सर्रास घडतं. म्हणून पासपोर्ट, व्हिसा, कराराचे फोटो ती निघण्याआधीच तुमच्या फोनमध्ये घ्या. तिच्यावर अन्याय झाला, तर परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर तुम्ही इथूनही तक्रार नोंदवू शकता.