कायरोप्रॅक्टर व्हायला कॅनडात येतोस, तर आधी हे वाच

तुझा निरोप दोनदा वाचला. बीपीटीची, म्हणजे फिजिओथेरपीच्या पदवीची, इंटर्नशिप संपत आलीय, अमळनेरला घरच्यांनी जायला होकार दिलाय, आणि तुझे प्रश्न तीन: कायरोप्रॅक्टिक म्हणजे नेमकं काय, आपली फिजिओची पदवी त्यात धरतात का, आणि उद्या परत आलास तर जळगावात बोर्ड लावता येईल का. मी फैजपूरकडची. बीपीटी करूनच ओंटारिओत आले, मग पुन्हा चार वर्षं बाकावर बसले आणि कायरोप्रॅक्टर, म्हणजे मणक्यांवर आणि सांध्यांवर हाताने उपचार करणारी, झाले. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

लहानपणी केळीची कापणी सुरू झाली की आमच्या नानांना एकदा तरी उसण भरायचीच. घड खांद्यावर घेऊन बागेतून ट्रकपर्यंत खेपा घालायच्या, मग काय होणार? गल्लीत एक काकू पायाळू होत्या. नाना ओट्यावर पालथे झोपायचे आणि काकू त्यांच्या कंबरेला तीनदा हलकेच पाय लावायच्या. दोन-तीन दिवसांत नाना पुन्हा बागेत. गुण काकूंच्या पायाचा, यात कुणाला शंका नव्हती. आज मला माहीत आहे की साधी उसण बहुतेकांची थोड्या दिवसांत आपोआपच उतरते. तू या पेशात आलास तर आपल्या हाताने किती झालं आणि काळाने किती झालं, हा प्रश्न तुला रोज पडला पाहिजे. ज्यांना तो पडत नाही, त्यांच्या हातात मी माझ्या नानांची पाठ देणार नाही.

आता पेशा. सुरुवात १८ सप्टेंबर १८९५ ची, अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या डेव्हनपोर्ट गावची. डी. डी. पामर हा चुंबकाने उपचार करणारा माणूस, जन्माने ओंटारिओचाच. त्याने हार्वे लिलार्ड नावाच्या, ऐकू कमी येणाऱ्या सफाई कामगाराच्या पाठीचा मणका दाबला आणि त्याला ऐकू येऊ लागलं, असा त्याचा दावा. कानाची नस पाठीच्या मणक्यांतून जातच नाही, हे तुला पहिल्याच वर्षी ॲनाटॉमीत शिकवलंय. पण पामरने त्यावरून सिद्धांत मांडला की मणका जरासा जागचा हलतो, नसांचं काम अडतं आणि त्यातून बहुतेक सगळे आजार होतात. या हलण्याला ते सबलक्सेशन म्हणतात. कायरोप्रॅक्टिक या नावाचा अर्थ मात्र सरळ आहे: ग्रीकमध्ये ‘हाताने केलेलं काम’.

तेव्हापासून या पेशाचे दोन प्रवाह आहेत. एक अजून सबलक्सेशनला धरून बसलाय. दुसरा पाठ, मान, सांधे आणि स्नायूंच्या दुखण्यापुरतं बोलतो आणि व्यायाम, सल्ला, हाताचे उपचार हे सगळं मिळून वापरतो. मी दुसऱ्यातली. कंबरदुखीसाठी हाताच्या उपचाराला आधार आहे: अमेरिकेतल्या फिजिशियन डॉक्टरांच्या संघटनेने २०१७ मध्ये औषधाआधी करून बघायच्या उपायांत तो धरला, आणि उपचारांच्या मार्गदर्शक सूचना काढणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१६ मध्ये व्यायामाच्या जोडीने असेल तरच द्या असं सांगितलं. फायदा मध्यम आहे, चमत्कार नाही. दमा, कानाचं इन्फेक्शन, तान्ह्या बाळाचं रडणं यांवर मणका वाजवून गुण येतो असं कुणी सांगितलं तर तिथून उठ.

आणि तो कडकन आवाज, ज्याचे व्हिडिओ बघून तुला हे सुचलं असं तू लिहिलंस, तो हाड जागेवर बसल्याचा नसतो. सांध्यातल्या द्रवात अचानक पोकळी तयार होते. अल्बर्टा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये बोटाचा सांधा ओढताना एमआरआयमध्ये ते टिपलं. आवाज न येताही बरं वाटतं आणि आवाज येऊनही काही होत नाही.

धोका सांगितल्याशिवाय हे पूर्ण होणार नाही. उपचारानंतर दिवसभर अंग ठणकणं नेहमीचंच. पण मानेच्या जोरकस झटक्यानंतर मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटून स्ट्रोक झाल्याच्या नोंदी आहेत. प्रमाण फार कमी, पण आहेत.

माझ्याकडे एकदा ट्रक चालवणारा एक पंजाबी भाऊ आला. कंबर धरून, घाईत. ‘डॉक्टर, एकदा वाजवून द्या, उद्या लांबची खेप आहे.’ मी विचारलं, लघवी नीट होते का? तो जरा गप्प झाला. मग खालच्या आवाजात म्हणाला, सकाळपासून कळतच नाहीये, आणि बसतो ती जागा बधिर वाटतेय. मी पाठीला झटका दिला नाही. त्याच्या बायकोला फोन लावला, चिठ्ठी लिहिली आणि त्याला सरळ इमर्जन्सीत पाठवलं. मणक्यातल्या गादीने खालच्या सगळ्या नसा दाबल्या होत्या, त्याच रात्री ऑपरेशन झालं. पुढे तो पायाने चालत भेटायला आला. चार वर्षांत मी जे शिकले त्यातलं सगळ्यात मोलाचं हेच, कुणाला हात लावायचा नाही ते ओळखणं.

शिक्षणाचं बघ. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये पूर्ण प्रशिक्षणाची किमान मर्यादा ४२०० तास सांगितली, त्यातले निदान १००० तास देखरेखीखाली रुग्णांवर. कॅनडात असे दोनच अभ्यासक्रम आहेत: टोरोंटोचं १९४५ साली सुरू झालेलं कॅनेडियन मेमोरियल कायरोप्रॅक्टिक कॉलेज आणि क्युबेकमधल्या त्र्वा-रिव्हिएर इथलं विद्यापीठ, तिथे सगळं फ्रेंचमध्ये. टोरोंटोला आधी निदान तीन वर्षांचं विद्यापीठाचं शिक्षण लागतं. तुझी बीपीटी तिथे प्रवेशापुरती कामाला येईल. ॲनाटॉमी झालीय म्हणून वर्ष वाचेल असं धरून चालू नकोस, माझं नाही वाचलं. नंतर राष्ट्रीय परीक्षा आणि प्रांताची नोंदणी. ओंटारिओत १९९१ च्या कायद्याने कायरोप्रॅक्टरला निदान सांगण्याचा आणि नावाआधी डॉक्टर लावण्याचा हक्क आहे. औषध लिहिता येत नाही, ऑपरेशन करता येत नाही.

पैशाचं मात्र घरी नीट मांड, शेत गहाण ठेवायची गोष्ट निघायच्या आधी. परदेशी विद्यार्थ्याची फी जास्त, आणि सरकारी विद्यार्थी कर्ज तुला मिळणार नाही. ओंटारिओच्या सरकारी आरोग्य विम्याने २००४ मध्ये कायरोप्रॅक्टिकचे पैसे देणं बंद केलं. रुग्ण खिशातून देतो, नाहीतर त्याच्या नोकरीतला विमा देतो, तोही वर्षाच्या ठरावीक रकमेपर्यंत. पगाराची नोकरी क्वचित. बहुतेक ठिकाणी टक्केवारी. म्हणून काही क्लिनिकमध्ये तीस-तीस भेटींचं पॅकेज आधीच गळ्यात मारतात. माझ्या पहिल्या क्लिनिकमध्ये मालक दर सोमवारी विचारायचा, किती जणांना पॅकेज दिलंस? पाच भेटींत बऱ्या होणाऱ्या बाईला तीस सांगणं मला जमेना. आठ महिन्यांनी सोडलं, आणि नंतरचे चार महिने भाडं कसं भरलं ते माझं मला माहीत.

परत जायचं म्हणशील तर भारतात या पेशाची वेगळी वैधानिक परिषद नाही. जळगावात तुझ्या बोर्डाला कायद्याचा आधार बीपीटीचाच राहील. शिकलेलं हातात राहील हे खरं, पण चार वर्षांच्या खर्चाची पदवी तिथे कागदावर मोजली जाणार नाही.

दुसरी वाट तू विचारली नाहीस, तरी सांगते. कॅनेडियन अलायन्स ऑफ फिजिओथेरपी रेग्युलेटर्सकडून आपल्या पदवीचं मूल्यमापन करून घेता येतं, त्रुटी असतील त्या भरून परीक्षा देता येते. आणि ओंटारिओत फिजिओलाही वेगळं प्रशिक्षण घेऊन, नियामक संस्थेकडे नोंद करून मणक्याचा हाच झटका देता येतो. मला दिवसभर मणक्याचंच काम करायचं होतं, म्हणून मी लांबचा रस्ता घेतला आणि मला पश्चात्ताप नाही. पण तुझ्या मागे धाकटी बहीण शिकायची आहे असं लिहिलंयस. तुझ्या जागी मी आधी फिजिओची नोंदणी केली असती, दोन वर्षं इथे कमावलं असतं, आणि तरीही ओढ राहिली तर मग टोरोंटोचा फॉर्म भरला असता.

इंटर्नशिप संपायच्या आत मार्कशीट आणि प्रत्येक विषयाच्या तासांसह अभ्यासक्रम कॉलेजच्या सहीशिक्क्याने घेऊन ठेव. दोन्ही वाटांना तो लागेल, आणि इथून मागवायला मला सात महिने लागले होते.