ऐकून ऐकून ती थकते

«ताई, माझी मुलगी तिसरीत आहे, आठ वर्षांची. दोन्ही कानांना मशीन आहे. तपासणीत दोन्ही कानांना 65 डेसिबलच्या आसपास दोष निघाला. मराठी शाळेत जाते, वाचते छान, पण श्रुतलेखनात दहापैकी दोन-तीन. बाई म्हणतात, ‘मशीन आहे तरी लक्ष देत नाही, पुढच्या वर्षी मूकबधिर शाळेत टाका.’ सासूबाई वेणी अशी घालतात की मशीन दिसू नये. शेजारच्या काकू तिच्यासमोरच विचारतात, ‘लग्नाचं कसं होईल वो हिच्या?’ आणि या उन्हाळ्यात नवीनच सुरू झालंय. शाळेतून आली की दप्तर टाकते, मशीन काढते आणि डब्यात ठेवून देते. परत लाव म्हटलं की रडते. मी तिला लाडावून ठेवलंय का? शाळा बदलू का?»
– एक आई, मानेवाडा

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा एकाच शब्दाशी थांबले: डब्यात. तुमची लेक मशीन फेकत नाही, कुठे कोपऱ्यात टाकत नाही, जपून डब्यात ठेवते. हट्टी पोर असं करत नाही हो. दमलेली पोर करते.

घरातलं साधं बोलणं 60 डेसिबलच्या आसपास असतं, आणि 65 डेसिबलचा दोष म्हणजे त्याहून हळू आवाज तिला जवळजवळ ऐकूच येत नाही. म्हणजे मशीन नसेल तर तुम्ही समोर बसून बोललेलंही तिच्यापर्यंत धड पोचत नाही. मशीन आवाज मोठा करते, पण बाईंचा तेवढा निवडून करत नाही. पंखा, सरकणारा बाक, बाहेरचा ऑटो, शेजारच्या वर्गातले पाढे, सगळंच मोठं होतं. त्या गलक्यातून ती बाईंचे शब्द वेचते आणि निसटलेलं ओठांवरून, चेहऱ्यावरून, अंदाजानं जुळवते. आज आरशासमोर उभ्या राहा आणि आवाज न काढता ‘पान’, ‘बाण’, ‘मान’ म्हणा. ओठ तिन्ही वेळा सारखेच हलतील. तुमची लेक रोज चार-पाच तास हे कोडं सोडवते. मग घरी येते तर कूलरची घरघर, टीव्ही, स्वयंपाकघरातलं मिक्सर. मशीन तेही सगळं मोठं करून कानात ओतते. ती मशीन काढते यात नवल काय?

तेव्हा शाळेतून आल्यावर अर्धा-पाऊण तास तिला मशीनशिवाय राहू द्या. हा लाड नाही, विश्रांती आहे. त्यानंतर मात्र लावायचंच, कारण नवे शब्द कानावर पडत राहिले तरच भाषा वाढते. नागपूरच्या उन्हाळ्यात कूलर बंद ठेवा असं मी सांगणार नाही. पण गोष्टी सांगायची वेळ बदला. सकाळी कूलर लावायच्या आधी, किंवा संध्याकाळी गच्चीवर पाणी मारून झाल्यावर, तिच्या अगदी जवळ बसून. एवढ्या एका वेळेला घरातल्या कोणीही दुसऱ्या खोलीतून हाक मारायची नाही.

आता श्रुतलेखनाची वही घ्या आणि लाल रेघांखाली कोणती अक्षरं गेली आहेत ते मोजा. ‘पाऊस’चं ‘पाऊ’, ‘पिशवी’चं ‘पिवी’ झालं असेल, स-श गळत असतील, तर वही तुमच्या ऑडिओलॉजिस्टला, म्हणजे कान तपासून मशीन लावून देणाऱ्या तज्ज्ञाला दाखवा. हे आवाज बारीक, उंच पट्टीचे असतात आणि अनेक मुलांचे तेच आधी हरवतात. मशीनचं सेटिंग बदलावं लागेल, किंवा कान वाढल्यानं साचा, म्हणजे मशीनचा कानात बसणारा मापाचा तुकडा, सैल झाला असेल. मशीन शिट्टी मारत असेल तर साचाच आधी तपासा.

बाईंवर रागावू नका, असं मी सांगते कारण एकेकाळी मीच ती बाई होते. माझ्या चौथीच्या वर्गात मशीन लावणारा एक मुलगा होता. एकदा सगळ्या वर्गासमोर मी त्याला म्हणाले, ‘कान उघडे ठेवून बसत जा.’ पुढे कळलं की आठवडाभर त्याच्या मशीनचा सेल संपलेला होता. घरी सांगितलं तर खर्चावरून बोलणी बसतील म्हणून तो गप्प होता. आठवडाभर तो पोरगा माझ्या तोंडाकडे टक लावून बसायचा आणि मी त्याला बेफिकीर समजत होते. त्याचा तो चेहरा अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

म्हणून रोज सकाळी दोन मिनिटांची एक तपासणी करा. जगभर करतात ती. तिच्या पाठीमागे उभं राहायचं आणि नेहमीच्या आवाजात सहा ध्वनी एकेक करून म्हणायचे: म, ऊ, आ, ई, श, स. मध्ये कमीजास्त थांबायचं, म्हणजे तिला अंदाज बांधता येणार नाही. ती ऐकेल तसा म्हणून दाखवेल. काल येत होता तो ‘स’ आज आला नाही, तर सेल, साचा नाहीतर सर्दी, काहीतरी बिघडलंय. हे काम सासूबाईंकडे द्या. वेणी त्याच घालतात ना? मग वेणी घालता घालता पाठीमागून सहा ध्वनी. त्या मशीन झाकतात ते नातीवर माया आहे म्हणूनच. जगानं तिला नावं ठेवू नयेत ही त्यांची धास्ती आहे. पण झाकलेलं मशीन पोरीला रोज सांगतं की तुझ्यात लपवण्यासारखं काही आहे. शिवाय घट्ट वेणी मशीनच्या माइकवर आली तर केस घासल्याची खरखर तिला दिवसभर ऐकू येत राहते. हे दुसरं कारण सासूबाईंना आधी सांगा, ते त्यांना लगेच पटेल. आपल्याकडच्या घामाचं म्हणाल, तर रात्री मशीन पुसून, सेल काढून, ओल शोषणाऱ्या पुड्या घातलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

आता शाळा. आपल्या विदर्भात शाळा जूनअखेर उघडतात, तेव्हा वेळ आहे. चौथीच्या बाई कोण ते कळलं की पहिल्याच आठवड्यात भेटा आणि एक पानभर अर्ज द्या. त्यात ‘लक्ष द्यावे’ असं मोघम लिहू नका, नेमकं लिहा. दुसऱ्या रांगेत जरा कडेला जागा, म्हणजे बाईंचा चेहराही दिसेल आणि वळून मुलांचेही. जागा खिडकीपासून लांब हवी. फळ्याकडे तोंड करून बोलू नये. पान क्रमांक फळ्यावर लिहावा. मागच्या बाकावरून कोणी उत्तर दिलं तर बाईंनी ते पुन्हा म्हणावं. आणि श्रुतलेखन वर्गात फिरत फिरत सांगू नये, एका जागी उभं राहून पूर्ण वाक्य सांगावं. यातल्या एकाही गोष्टीला पैसा लागत नाही. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का घ्या. समग्र शिक्षा या सरकारी शिक्षण योजनेचे विशेष शिक्षक शाळेला भेट देतात का, तेही मुख्याध्यापकांना विचारा.

शाळेनं आढेवेढे घेतले तर हे लक्षात असू द्या: दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 प्रमाणे दोन्ही कानांना 60 ते 70 डेसिबलचा दोष हे दिव्यांगत्व आहे, आणि मान्यताप्राप्त शाळेला भेदभाव न करता शिकवावं लागतं, मुलाच्या गरजेप्रमाणे सोयी द्याव्या लागतात. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र 40 टक्के किंवा त्याहून जास्त असेल, तर 6 ते 18 वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत, आणि ही निवड तुमची आहे. बाईंची नाही. युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढलं नसेल तर या सुट्टीत काढा. मशीनसाठी एडिप या केंद्र सरकारच्या साहित्य-साहाय्य योजनेतून मदत मिळू शकते, त्याची चौकशी नागपुरातल्या सीआरसीत, म्हणजे केंद्र सरकारच्या संयुक्त प्रादेशिक केंद्रात करा.

माझं मत विचाराल तर आत्ता शाळा बदलू नका. जी मुलगी छान वाचते, तिला निदान सहा महिने नीट ऐकू येईल अशा जागी बसवून बघा. त्यानंतरही ती कोमेजलेली दिसली तर जरूर फेरविचार करा. विशेष शाळा ही शिक्षा नव्हे, तिथली शिकवणारी माणसं या कामात मुरलेली असतात. खरं तर शाळा उघडल्यावर परवानगी घेऊन एक सकाळ तिला शंकरनगरच्या मूकबधिर विद्यालयात घेऊन जा. प्रवेशासाठी नाही. कानात मशीन असलेली, हातांनी भराभर बोलणारी, खिदळणारी इतकी मुलं तिनं एकत्र कधी पाहिली आहेत? ती चार खुणा शिकून आली तर तुम्हीही शिका. खुणा शिकल्यानं बोलणं खुंटतं ही भीती मनातून काढून टाका.

काकूंना मात्र तिच्यासमोरच उत्तर द्या, कारण प्रश्न तिच्यासमोर विचारला गेलाय. ‘काकू, ती आठ वर्षांची आहे, तिला सध्या भागाकार शिकायचाय.’ एवढं म्हणा आणि विषय बदला. ती काकूंचे नाही, तुमचे ओठ वाचत असेल.

साचे नवे करायचे झाले तर ते रंगीतही मिळतात. रंग तिला निवडू द्या आणि तिनं कोणता निवडला ते मला कळवा.