इनटेकमधली काजळी : वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या प्रश्नांपैकी पाच प्रश्न एकाच दुखण्याचे आहेत : हवा इंजिनात जाते त्या वाटेवर साठणारी काजळी, गॅरेजच्या भाषेत 'कार्बन'. गाडीने जरा ओढायचं कमी केलं की 'डिकार्बन करून घ्या' हा सल्ला हल्ली सर्रास मिळतो. पण डिझेल, साधं पेट्रोल आणि डायरेक्ट इंजेक्शनचं पेट्रोल या तीन प्रकारांत काजळी वेगवेगळ्या जागी बसते. ती जागा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय खिशात हात घालू नका, हा आमचा आग्रह आहे.

प्रश्न : २०१६ ची दीड लिटर डिझेल सेडान, बीएस-४, १ लाख ४० हजार किमी झाले. गोव्याहून परतताना चोर्ला घाटात दुसऱ्या गिअरलाही ओढत नाही, मागे काळा धूर सुटतो. स्कॅनरवर पी ०४०१ हा कोड आला. फिटर म्हणतो, ईजीआरला प्लेट मारून (त्याची वाट बंद करून) टाकू, कायमचा त्रास जाईल. मारावी का?
(जांबोटी)

उत्तर : मारू नका. ईजीआर व्हॉल्व्ह सायलेन्सरकडे निघालेल्या धुरातला थोडा भाग पुन्हा इनटेकमध्ये सोडतो. त्यामुळे सिलिंडरमधलं तापमान खाली राहतं आणि नायट्रोजनचे विषारी ऑक्साइड कमी तयार होतात. त्या धुरात कोरडी काजळी असते. दुसरीकडून, इंजिनच्या ब्रीदर पाइपमधून (इंजिनच्या पोटातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) ऑइलची वाफ टर्बोमार्गे त्याच वाटेवर येते. कोरडी काजळी एकटी फारशी चिकटत नाही, ऑइल मिळालं की तिचं डांबर होतं. थर वाढत जाऊन मॅनिफोल्डचं (सिलिंडरांना हवा वाटून देणाऱ्या नळ्यांचं) तोंड लहान होत जातं.

पी ०४०१ चा अर्थ ईजीआरमधून पुरेसा धूर पुढे जात नाही. काळ्या धुराचा अर्थ डिझेलच्या मानाने ताजी हवा कमी पडते. दोन्ही एकत्र असतील तर व्हॉल्व्हबरोबर मॅनिफोल्डही भरला असण्याची शक्यता मोठी आहे. तरी आधी स्वस्तातल्या गोष्टी तपासा. एअर फिल्टर उजेडासमोर धरून पाहा. टर्बोपासून इंटरकूलरपर्यंतचे रबरी पाइप चिरलेत का, क्लिपजवळ ऑइल ओलं दिसतं का, हे बघा. फाटलेला पाइपही घाटात हेच लक्षण दाखवतो. मग स्कॅनरवर लाइव्ह डेटा उघडून ईजीआरची 'मागणी' आणि 'प्रत्यक्ष स्थिती' हे दोन आकडे शेजारी ठेवा. मागणी शून्य असताना व्हॉल्व्ह उघडाच दाखवत असेल तर तो काजळीने अडकलाय.

आता काम. इंजिन पूर्ण थंड हवं आणि बॅटरीची निगेटिव्ह वायर काढलेली. ईजीआरचे बोल्ट उष्णतेने जाम होतात, म्हणून आदल्या रात्री त्यांवर पेनिट्रेटिंग ऑइल मारून ठेवा. घाई केली की बोल्टचं डोकं तुटतं आणि उरलेला तुकडा हेडमधून काढायला लेथवाल्याकडे जावं लागतं. ईजीआर कूलरमधून कूलंट फिरत असेल तर ते स्वच्छ भांड्यात काढून घ्या. कमी भरलं तर त्याच जातीचं कूलंट घाला, नळाचं पाणी नको.

व्हॉल्व्ह निघाला की त्याचा धातूचा भाग केरोसीनमध्ये दोन-तीन तास ठेवा, पण मोटरचं आणि वायर-सॉकेटचं टोक नेहमी वर आणि कोरडं राहिलं पाहिजे. थर सुटला की लाकडी पट्टीने आणि पितळी ब्रशने काढा. कॉस्टिक सोडा अजिबात वापरू नका. काजळी जाते हे खरं, पण ॲल्युमिनियमही खाल्लं जातं. साफ झाल्यावर व्हॉल्व्ह बंद स्थितीत धरून वर थोडं केरोसीन ओता. किंचित पाझरलं तर चालेल, धार लागली तर सीट झिजलीय आणि नवाच बसवावा लागेल.

मॅनिफोल्ड उतरवून धुणं हा खरा इलाज. प्लास्टिकचा असेल तर गॅसची ज्योत लावायची नाही. वाळूचं ब्लास्टिंग तर कुठल्याच मॅनिफोल्डला नको. खाचेत अडकलेला एक कण सुटला तरी पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडर ओरबाडले जातात. केरोसीननंतर गरम पाणी आणि साबण, मग पूर्ण वाळवणं. हेडमधल्या पोर्टमध्ये (हवा सिलिंडरकडे शिरते त्या भोकात) हात घालायचा तर त्या सिलिंडरचे इनटेक व्हॉल्व्ह बंद करूनच, आणि सुटलेलं सगळं व्हॅक्यूमने ओढून घ्यायचं. मॅनिफोल्डवरचा प्रेशर सेन्सर काँटॅक्ट क्लीनरने साफ करा. त्याचं भोक बुजलं की ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) चुकीचा दाब कळतो आणि मेहनत करूनही गाडी ओढत नाही. गास्केट सगळी नवी घ्या. ॲल्युमिनियममधले ८ मिमीचे बोल्ट साधारण २२ ते २५ न्यूटन-मीटरला कसतात, पण तुमच्या इंजिनचा आकडा मॅन्युअलमध्ये पाहून घ्या. शेवटी स्कॅनरवरून ईजीआरचं 'लर्निंग' (ईसीयूला व्हॉल्व्हची स्थिती नव्याने शिकवणं) करून कोड पुसा.

इंजिन चालू ठेवून इनटेकमध्ये स्प्रे मारायला कोणी सांगितलं तर डिझेल गाडीत ते कधीच करू देऊ नका. डिझेल इंजिनला स्प्रेही इंधनच वाटतं. आरपीएम आपोआप चढत जातो आणि चावी बंद करूनही इंजिन थांबत नाही.

प्लेटबद्दल थोडं. प्लेट मारल्यावर इनटेक स्वच्छ राहतो हे खरं आहे. पण ईसीयूला धूर पोचत नसल्याचं कळतं, दिवा पुन्हा लागतो, काही गाड्या ताकदच कापतात. नायट्रोजनचे ऑक्साइड वाढतात, आणि मूळ बनावटीत असा बदल करणं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाही. एमिशन टेस्टला डिझेल गाडीच्या धुराचा फक्त गडदपणा मोजतात, त्यामुळे प्लेट मारलेली गाडी तिथे पास होईल. पास झाली म्हणून ते बरोबर ठरत नाही.

प्रश्न : एक लिटरचं टर्बो पेट्रोल, डायरेक्ट इंजेक्शन, ६२ हजार किमी. थंडीत सकाळी सुरू केल्यावर अर्धा मिनिट थरथरते, मग ठीक. एका ठिकाणी हायड्रोजन मशीनने डिकार्बन करायला सांगितलं, दुसरीकडे टाकीत ओतायची बाटली. कोणतं करू?
(टिळकवाडी, बेळगाव)

उत्तर : दोन्ही नको. साध्या पेट्रोल गाडीत इंजेक्टर इनटेक व्हॉल्व्हच्या मागे पेट्रोल उडवतो, त्यामुळे व्हॉल्व्ह सतत धुतला जातो. तुमच्या इंजिनात इंजेक्टर थेट सिलिंडरमध्ये आहे. व्हॉल्व्हच्या पाठीला पेट्रोलचा थेंबही लागत नाही, ब्रीदरची ऑइल वाफ मात्र येत राहते आणि तापलेल्या व्हॉल्व्हवर करपून बसते, फोडणीच्या कढईच्या तळाला काळा थर चढावा तशी. टाकीतली बाटली, चांगली असेल तर, इंजेक्टर आणि पिस्टनचं डोकं साफ करते. व्हॉल्व्हच्या पाठीपर्यंत ती पोचतच नाही. हायड्रोजन मशीनचा वायूही जळतो तो सिलिंडरमध्ये. व्हॉल्व्हमागच्या कडक थराला ज्योत लागत नाही.

थरथर म्हणजे काजळीच, असंही नाही. स्कॅनरवर कोणत्या सिलिंडरचा मिसफायर (इंधन नीट न जळणं) मोजला जातोय ते बघा. समजा दोन नंबरचा आहे, तर त्याचा इग्निशन कॉइल तीनवर टाका. मिसफायर कॉइलबरोबर गेला तर कॉइल खराब. नाही गेला तर प्लगची तशीच अदलाबदल, मग कॉम्प्रेशन. हे सगळं ठीक निघालं तरच मॅनिफोल्ड काढून फोनला जोडायच्या छोट्या कॅमेऱ्याने व्हॉल्व्हची पाठ पाहा. दांड्याभोवती खडबडीत काळं कवच दिसलं तर साफसफाईची वेळ आली. आमच्या मते अशा इंजिनात ५० ते ८० हजार किमीच्या दरम्यान एकदा डोकावून पाहणं शहाणपणाचं. न पाहता साफ करणं नको.

उत्तम पद्धत अक्रोडाच्या कवचाच्या चुऱ्याचं ब्लास्टिंग. चुरा कार्बन फोडतो पण धातूला ओरखडत नाही, आणि चुकून कण राहिलाच तर जळून जातो. क्रॅंकच्या बोल्टवर पाना लावून इंजिन हाताने फिरवा आणि ज्या सिलिंडरवर काम करायचंय त्याचे दोन्ही इनटेक व्हॉल्व्ह पूर्ण बंद करून घ्या. हे चुकलं तर चुरा आणि कार्बन सरळ पिस्टनवर पडतो. इतर पोर्ट कापडाने बुजवा आणि ती किती कापडं, हे लिहून ठेवा. सहा-सात बारचा दाब, एका बाजूने नोझल, दुसऱ्या बाजूने व्हॅक्यूम. पोर्टच्या तोंडाला नीट बसणारा अडॅप्टर नसेल तर उद्यमबागेतला कोणताही चांगला लेथवाला नायलॉनचा करून देईल. मॅनिफोल्डचं गास्केट त्याला मापासाठी नेऊन द्या.

ब्लास्टिंगची सोय नसेल तर बंद व्हॉल्व्हवर २० ते ३० मिलिलिटर इनटेक क्लीनर ओतून अर्धा तास भिजवा, नायलॉनच्या ब्रशने घासा, काळं पाणी पूर्ण ओढून घ्या, पुन्हा ओता. तीन-चार फेऱ्या लागतात. या पद्धतीत थोडं क्लीनर खाली झिरपतं, म्हणून नंतर ऑइल आणि फिल्टर बदलायलाच हवा.

प्रश्न : साधी पेट्रोल हॅचबॅक, ४५ हजार किमी. निपाणी बसस्टँडजवळच्या गर्दीत एसी लावला की आरपीएम खाली जातो, कधी बंदही पडते. पूर्ण इंजिन डिकार्बन करावं लागेल का?
(निपाणी)

उत्तर : नाही. फक्त थ्रॉटल बॉडी (इंजिनात किती हवा जाईल ते ठरवणारा भाग) साफ करा. त्यातल्या बटरफ्लायच्या, म्हणजे फिरत्या पडद्याच्या, कडेला काळी रेघ धरली की बंद स्थितीत हवा जायची फट बुजते. एसीचा भार आला की कॉम्प्युटरला आणखी हवा द्यायची असते, पण पडदा चिकटल्याने ती वेळेवर मिळत नाही.

चावी काढा, बॅटरीची निगेटिव्ह सोडा, एअर पाइप काढा. स्प्रे कापडावर मारा, आत थेट पिचकारी नको. डब्यावर थ्रॉटल बॉडीसाठी चालतो असं लिहिलेलं असावं. कार्बोरेटर क्लीनर काही थ्रॉटलचा आतला लेप उडवतो, आणि मग हवा गळून आयडल (गाडी उभी असतानाचा आरपीएम) कायमचं बिघडतं. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलचा पडदा बोटाने जोरात ढकलू नका, आतले प्लास्टिकचे गिअर तुटतात. थ्रॉटल पूर्ण उतरवली तर रबरी सील नवं टाका आणि ६ मिमीचे बोल्ट ८ ते १० न्यूटन-मीटरपेक्षा जास्त कसू नका. एअर फ्लो सेन्सर असेल तर त्याच्या तारेला कापड लावू नका, त्याचा क्लीनर वेगळा मिळतो.

प्रश्न : घरी थ्रॉटल साफ केली, आता आरपीएम १४०० वरून खालीच येत नाही. काय बिघडलं?
(चिकोडी)

उत्तर : बहुधा काही बिघडलेलं नाही. काजळी असताना कॉम्प्युटरने पडदा थोडा जास्त उघडायची सवय लावून घेतली होती, ती अजून तशीच आहे. स्कॅनरवरून थ्रॉटल अडॅप्टेशन करा. स्कॅनर नसेल तर काही गाड्यांत चावी ऑन करून इंजिन सुरू न करता थांबायची पद्धत मॅन्युअलमध्ये दिलेली असते. त्यानेही उतरलं नाही तर एअर पाइपची क्लिप आणि ब्रीदरची छोटी नळी परत लावली का, ते पाहा. ही नळी विसरणं सगळ्यांत जास्त घडतं.

प्रश्न : ऑइल कॅच कॅन (ब्रीदरच्या नळीतलं ऑइल अडवणारा डबा) बसवला तर काजळी बंद होईल का? माझं रोजचं चालणं शहापूर ते खडेबाजार, तीन-चार किमी.
(शहापूर, बेळगाव)

उत्तर : कमी होईल, बंद होणार नाही, आणि बसलेली काजळी त्याने निघत नाही. शिवाय डबा वेळच्या वेळी रिकामा करावा लागतो. पावसाळ्यात आणि छोट्या फेऱ्यांत तो पाण्याने लवकर भरतो. वॉरंटी चालू असेल तर बसवू नका.

तुमच्या बाबतीत त्याआधी दोन गोष्टी करा. एक, डिपस्टिक. बऱ्याच गॅरेजमध्ये साडेतीन लिटर घेणाऱ्या इंजिनात चार लिटरचा अख्खा डबा रिकामा करतात. वरच्या खुणेपेक्षा जास्त झालेलं ऑइल ब्रीदरमधून थेट इनटेकमध्ये जातं. ऑइल मॅन्युअलमधल्या ग्रेडचंच घ्या आणि निवड असेल तर कमी 'नोआक' आकड्याचं. हा आकडा तापल्यावर किती टक्के ऑइलची वाफ होते ते सांगतो. ऑइलच्या मानकांपैकी आयएलसॅक जीएफ-६ मध्ये त्याची मर्यादा १५ टक्के, एसीईए सी-३ मध्ये १३ टक्के.

दोन, इंजिन नीट तापू द्या. तीन किमीत कूलंटचा काटा कदाचित वर येईल, पण ऑइल पूर्ण तापत नाही. त्यातलं पाणी आणि पेट्रोल उडून जात नाही. आठवड्यातून एकदा हायवेवर तवंदी घाटापर्यंत जाऊन या. घाटात एक गिअर खाली ठेवून इंजिनला २५०० ते ३००० आरपीएमवर ओढू द्या. डायरेक्ट इंजेक्शनच्या व्हॉल्व्हवर बसलेला थर याने निघणार नाही, पण ऑइल स्वच्छ राहील आणि डिझेल गाडीत डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असेल तर त्याला स्वतःला जाळून साफ करायला वेळ मिळेल.