ऑस्ट्रेलियन फुटबॉल शेजारच्या बेटांवर कुठे रुजला, आणि सगळीकडे का नाही?

लाथेने आणि मुठीने चेंडू मारायचा हा खेळ खऱ्या अर्थाने रुजला तो नाउरू या पॅसिफिकमधल्या छोट्या बेट-देशात. तिथे तो राष्ट्रीय खेळच आहे. पहिल्या महायुद्धापासून 1968 पर्यंतचा बहुतेक काळ बेटाचा कारभार ऑस्ट्रेलियाकडे होता. पण खेळ पसरवला तो प्रामुख्याने ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात, विशेषतः जिलाँगला शिकून परतलेल्या नाउरूच्या मुलांनी. पुढे देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झालेले हॅमर डीरॉबर्ट त्यांच्यापैकीच. जेमतेम 21 चौरस किलोमीटरच्या बेटावरचं लिंकबेल्ट ओव्हल हे मुख्य मैदान हिरवळीचं नाही, फॉस्फेटच्या भुकटीचं आहे. पडलं की कातडी सोलवटते, तरी तिथली मुलं चेंडूवर झेप घेतातच. या खेळावरचं एवढं प्रेम ऑस्ट्रेलियाबाहेर क्वचितच दिसतं.

पापुआ न्यू गिनीत मात्र रग्बी लीग हा रग्बीचा प्रकार जास्त लोकप्रिय. तरीही त्यांच्या ‘मॉस्किटोज’ संघाने 2008, 2014 आणि 2017 असा तीनदा ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा आंतरराष्ट्रीय चषक जिंकला.

इतर बेटांवर घोडं अडतं ते जागेपाशी. दोन्ही बाजूंना 18-18 खेळाडू आणि 135 ते 185 मीटर लांबीचं लंबगोल मैदान, एवढी सपाट जमीन आणायची कुठून? म्हणून सुरुवात नऊ-नऊ जणांच्या प्रकाराने करावी, तो रग्बीच्या मैदानावर मावतो. दोन्ही टोकांना चार-चार खांब हवेत: चेंडू मधल्या दोन उंच खांबांमधून थेट लाथेने गेला तर 6 गुण, बाजूच्या फटीतून 1. नवख्यांची चूक ठरलेली, चेंडू हाताने फेकतात. हाताने द्यायचा तर तो एका तळव्यावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीनेच मारायचा असतो.