‘विषयच काढला नाही तर विसरेल ना?’

घरात चोरी, मारहाण, भोसकाभोसकी झाली आणि लेकरानं ती पाहिली, की आईवडील माझ्याकडे समुपदेशनासाठी येऊन बहुतेक हाच प्रश्न विचारतात. गप्प राहिल्यानं मूल विसरत नाही, असंच मी त्यांना सांगते. जे त्याला कुणी सांगत नाही, ते मूल स्वतःच्या मनानं जुळवतं आणि पुष्कळदा दोष स्वतःकडे घेतं.

सोलापूरच्या पूर्व भागातलं एक कुटुंब आठवतं. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलते आहे. वडील यंत्रमागावर रात्रपाळीला, आई घरी विड्या वळणारी. एका रात्री दोन चोर घरात शिरले. आजीला ढकललं, आईच्या गळ्याला चाकू लावून मंगळसूत्र नेलं. नऊ वर्षांचा मुलगा आणि सोळा वर्षांची त्याची बहीण अंथरुणात जागीच होती.

दीडेक महिन्यानं आई मुलाला घेऊन आली. तो अंथरूण ओलं करायचा, शाळेच्या वेळी त्याचं पोट दुखायचं, रात्री उठून उठून दाराची कडी बघायचा. “मॅडम, घरात कुणी त्या रात्रीचं नावसुद्धा काढत नाही. तरी लेकरू झोपंना झालंय. काय करावं कळंना.”

बोलता बोलता लक्षात आलं, नाव निघत होतं. आजी आल्यागेल्याला सगळं पहिल्यापासून सांगायची, मुलगा कोपऱ्यात बसून ऐकायचा. त्यानं तोंड उघडलं की मात्र, “तू जा, खेळ बाहेर.”

मी त्याला घर काढायला सांगितलं. त्यानं दार काढलं आणि कडी गिरवत राहिला. कडीचं काय, एवढंच मी विचारलं. बऱ्याच वेळानं म्हणाला, “झोपायच्या आधी मी बाहेर लघवीला गेलतो. कडी लावली का नाही, आठवत नाही.”

आईला हे ऐकून रडू आवरेना. चोर दारातून आलेच नव्हते. मागचा पत्रा उचकटून आले होते. पंचनाम्यात तसं होतं, साऱ्या गल्लीला माहीत होतं. फक्त ज्याला ते कळायला हवं होतं, त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

त्याच दिवशी उजेडात आईनं त्याला तो पत्रा दाखवावा, असं ठरलं. “ते इथून आले. कडीचा काही संबंध नाही. तुझी काही चूक नाही.” एवढंच आणि एवढ्याच शब्दांत. ‘आता चोर कधीच येणार नाहीत’ असं वचन देऊ नका, हेही सांगितलं. त्यापेक्षा पत्र्याला आतून ठोकलेली पट्टी दाखवा, रात्री हाक मारली तर शेजारचे काका येतील हे काकांच्याच तोंडून त्याला ऐकू द्या. त्याला खोदून विचारू नका, पण त्यानं विचारलं तर टाळू नका. आजीचं बोलणं थांबवायचं नव्हतं, तिचीही ती गरज होती. मुलगा शाळेत असताना तिनं बोलावं, एवढंच मागितलं.

त्याचा सारखा प्रश्न असायचा, “चोर सापडले का?” भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे फौजदारी तपासाच्या पद्धतीचा कायदा, त्यानुसार तपास कुठवर आला हे पोलिसांनी फिर्यादीला 90 दिवसांत कळवायचं असतं. ते विचारायला आईनं कचरू नये. शिवाय पंधरा वर्षांखालच्या मुलाला आणि कोणत्याही वयाच्या स्त्रीला जबाबासाठी ठाण्यात यायला पोलीस भाग पाडू शकत नाहीत. जबाब राहत्या घरीच घ्यावा लागतो. ठाण्याच्या धास्तीनं मुलं आजारी पडतात, म्हणून हे पालकांना माहीत हवंच.

मुलाचं अंथरूण कोरडं राहू लागलं, कडी बघणं कमी झालं. असा त्रास महिन्याहून जास्त टिकला तर वाट बघू नका. सिव्हिलच्या मनोविकार विभागात दाखवा किंवा 14416 या टेलिमानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या नंबरवर बोला. मूल संकटात असेल तर 1098 ही मुलांसाठीची हेल्पलाइन. दोन्ही नंबर मोफत आहेत.

मला जास्त काळजी बहिणीची वाटली. ती रडत नव्हती, म्हणून तिला कुणी विचारलंच नव्हतं. उलट भीतीपोटी तिचं कॉलेज बंद केलं होतं, म्हणजे चोरांनी मंगळसूत्र नेलं आणि घरच्यांनी तिचं वर्ष. वडिलांशी मला बरंच बोलावं लागलं. आता ती मैत्रिणींबरोबर जाते. पुढे कोर्टात साक्ष द्यावी लागेल, त्याची तयारी आम्ही करतो आहोत. पाहिलं तेवढंच सांगायचं, आठवत नसेल तर ‘आठवत नाही’ म्हणायचं. पहिल्यांदा हे ऐकल्यावर तिनं विचारलं, “असं म्हटलं तर चालतं?”