बाटलीवरचं साल आणि मे महिन्यातला पाऊस

तुम्ही विचारलंय की वाइनच्या बाटलीवर जे साल छापतात त्याला खरंच काही अर्थ असतो का, आणि आपल्यासारख्या उन्हाच्या मुलखात एका वर्षीच्या आणि दुसऱ्या वर्षीच्या द्राक्षात असा काय मोठा फरक पडणार.

मी तुळजापूर तालुक्यात, बालाघाटाच्या माळावर द्राक्ष करतो. बरीचशी बाग खायच्या द्राक्षाची आहे. दोन एकर शिराझ (लाल वाइनचं द्राक्ष) आणि एक एकर शेनिन ब्लां (पांढऱ्या वाइनचं) एका वायनरीशी करार करून लावलंय. त्यामुळे वाइन कशी होते हे मी सांगणार नाही, ते कारखान्यातल्या माणसांचं काम. पण माल क्रेटमध्ये पडेपर्यंत हवामान त्याचं काय काय करतं ते रोज डोळ्यांनी बघतो. फरक पडतो, आणि खूप पडतो. फक्त तो जिथे पडतो असं लोकांना वाटतं, तिथे फारसा पडत नाही.

आधी एक गोष्ट समजून घ्या. फ्रान्स-इटलीत वेल हिवाळ्यात पानं गाळून झोपते, वसंतात फुटते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात माल तोडतात. आपल्याकडे वेलीला झोप लागेल एवढी थंडीच पडत नाही. म्हणून आपण वर्षातून दोनदा छाटतो. मार्च-एप्रिलमध्ये खरड छाटणी, म्हणजे वेल ओलांड्यापर्यंत (तारेवरच्या जाड आडव्या फांदीपर्यंत) खरडून काढायची आणि नवी काडी तयार करायची. सप्टेंबर-ऑक्टोबरात फळछाटणी, त्यातून घड निघतात. तोडणी जानेवारी ते मार्च. म्हणजे बाटलीवर २०२६ लिहिलेलं असलं तरी त्या द्राक्षानं खाल्लेलं ऊन-पाऊस जवळजवळ सगळं २०२५ चं असतं.

आणि त्यातही सगळ्यात मोठा फैसला मे महिन्यात होतो. तेव्हा बागेत एक मणीही नसतो, बघायला कोणी येत नाही, आणि वेलीच्या डोळ्यात, म्हणजे काडीवर फूट निघते त्या जागी, घड बसायचा की नाही ते ठरत असतं. खरड छाटणीनंतर साधारण चाळीस ते साठ दिवसांत काडीच्या डोळ्यात एक सूक्ष्म कोंब तयार होतो. त्याचा घड होऊ शकतो किंवा बाळी, म्हणजे आधार धरणारा नुसता तंतू, होऊ शकते, दोन्हीचं मूळ एकच. भरपूर ऊन, कोरडी हवा आणि बेताचं पाणी मिळालं तर घड. ढग, ओल आणि काडीची नुसती सुसाट वाढ झाली तर बाळी. मराठवाड्याचा उन्हाळा माणसाला नकोसा असतो, पण द्राक्षाच्या काडीला तोच हवा असतो. चाळीस अंशांच्या उन्हात आम्ही आनंदात असतो हे बाहेरच्या माणसाला पटत नाही.

२०२५ च्या मे महिन्यात ते ऊनच मिळालं नाही. त्या वर्षी महाराष्ट्रात मे महिन्यातच पाऊस लागून राहिला आणि मान्सूनही महिना संपायच्या आत येऊन धडकला. माझी खरड छाटणी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात झाली होती, म्हणजे नेमका घडनिर्मितीचा काळ ढगाळ आभाळाखाली गेला. काड्या हातभर वाढायच्या, शेंडे मोडले तरी बगलफुटी जोरात. बाग दिसायला इतकी हिरवीगार की रस्त्यानं जाणारा म्हणायचा, यंदा काय झकास बाग आहे. आमच्या दादांनी एक काडी हातात घेऊन वाकवून बघितली आणि म्हणाले, "ही नुसती पाण्याची वाढ हाय."

सप्टेंबरमध्ये काड्या तपासणीला नेल्या. प्रयोगशाळेत डोळा ब्लेडनं उभा चिरतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरतात. मला बघायला दिलं. चांगल्या डोळ्यात आत बारीक बारीक गोळ्यांचा झुपका दिसतो, इवलासा घडच. माझ्या बऱ्याच डोळ्यांत निमुळतं टोक तेवढं दिसत होतं. अजून छाटणी व्हायची होती, एक रुपयाचं औषध मारलं नव्हतं, आणि फेब्रुवारीतला माल त्या काचेखाली मला दिसून गेला.

त्याच महिन्यात आमच्याकडे अतिवृष्टी झाली. धाराशिव, बीड, लातूर, सगळीकडे नद्या फुटल्या, परंड्याकडे तर गावंच्या गावं पाण्यात गेली. त्यांच्यापुढे माझं नुकसान काहीच नाही, माळावरची मुरमाड जमीन पाणी धरत नाही. तरी वापसा यायला, म्हणजे जमीन कामाजोगी सुकायला, वेळ लागला आणि छाटणी पुढे गेली. पाणी साचलेल्या बागेत पांढरी मुळी कुजते, आणि मुळीच नसेल तर फुटीला जोर कुठून येणार?

फुटल्यावर मोजलं. दहा काड्यांमागे चार-साडेचार घड. बाकी ठिकाणी घड निघाले ते गोळीघड, म्हणजे आकार न धरलेल्या नुसत्या गोळ्या, दोन दिवसांत जिरून बाळी झाले. चांगल्या वर्षी माझं शिराझ एकरी साडेचार-पाच टन देतं. त्या हंगामात दोन टन भरलं नाही.

आता तुमच्या प्रश्नातला खरा पेच इथे आहे. जो माल आला तो मी आजवर काढलेल्या मालात सगळ्यात चांगला होता. वेलीवर घड कमी, पानं भरपूर, त्यामुळे प्रत्येक घडाला पोटभर खायला मिळालं. मणी गच्च रंगले. कंपनीच्या माणसानं एक मणी चिरडून बोटावर लावला, तो डाग संध्याकाळपर्यंत गेला नाही. म्हणजे उद्या कोणी बाटली बघून म्हणालं की हे साल फार चांगलं होतं, तर ते खोटं नसेल. पण त्या चांगल्या सालात माझ्यासारख्या किती जणांची अर्धी बाग वांझ राहिली होती, ते बाटलीवर कुठे येणार? वाइनचं चांगलं साल आणि शेतकऱ्याचं चांगलं साल एकाच वर्षात येतं असं नाही, एवढं मात्र लक्षात ठेवा.

दुष्काळाचंही असंच आहे. २०१५-१६ ला लातूरला रेल्वेनं पाणी आलं ते सगळ्यांना आठवतं. त्या सालात आमच्या भागात लोकांनी टँकरनं बागा जगवल्या, कितीतरी जणांनी कुऱ्हाड लावली. पाणी कमी पडलं की मणी बारीक राहतो. बारीक मणी म्हणजे रसाच्या मानानं मण्याची साल (वरचं आवरण) जास्त, आणि लाल वाइनचा रंग, तुरटपणा, वास हे बहुतेक सालीतूनच येतं. म्हणून वाइनवाले लोक बारीक मण्यावर खूष असतात, तर खायच्या द्राक्षात आम्ही जिबरेलिक ॲसिड हे वाढीचं संजीवक वापरून तोच मणी फुगवायला धडपडतो. एकाच शेतात शेजारीशेजारी दोन उलटी कामं चालतात. पण ताण हद्दीबाहेर गेला तर पानं गळतात, साखर तयार करणारं कोणी उरत नाही आणि मणी आंबट राहून सुकतो. ताण चांगला असं पुस्तकात वाचून पाणी तोडणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

फळछाटणीपासून पुढच्या पन्नास दिवसांत पाऊस म्हणजे डाऊनी, पाना-घडावरचा बुरशीचा रोग. पोंग्यात (कोवळी फूट उमलताना), फुलोऱ्यात पाऊस आला तर गळ आणि कूज. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात अवकाळीनं नाशिकपासून आमच्यापर्यंत द्राक्षं झोडपली ती याच अवस्थेत. याबद्दल बातम्या पुष्कळ येतात, म्हणून लांबवत नाही. गारपिटीचंही तेच. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये तोडणीला आलेल्या बागा गारांनी फोडल्या, मणी तर गेलेच, काडीवरही जखमा झाल्या.

मला जास्त सांगायचंय ते डिसेंबर-जानेवारीच्या रात्रींबद्दल. मण्यात पाणी उतरलं, शिराझनं रंग धरायला सुरुवात केली की त्यानंतरची चव रात्रीच्या थंडीवर ठरते. साखर दिवसाच्या उन्हानं येते. ती आपल्याकडे कमी पडत नाही. अडचण आंबटपणाची आहे. रात्र उबदार असली की मणी स्वतःचंच आम्ल जाळत राहतो, आणि मग गोडी आहे पण चव बसकी असा माल होतो. दिवसा ३० आणि रात्री ११-१२ अंश असे तीन-चार आठवडे मिळाले तर आम्ल टिकतं, रंगही चढतो. ढगाळ हवा आली की रात्री उबदार होतात, वर भुरी येते. भुरी लागलेला माल वायनरी घेत नाही, बुरशीचा वास वाइनमध्ये उतरतो.

म्हणून शेवटचे पंधरा दिवस मी पहाटे बागेत असतो. वेगवेगळ्या ओळींतून, उन्हाच्या बाजूचे, सावलीचे, घडाच्या खांद्यावरचे, टोकाचे असे शंभरेक मणी गोळा करायचे, पिशवीत चुरगाळायचे आणि रसातली साखर रिफ्रॅक्टोमीटर नावाच्या यंत्रावर बघायची. शिराझला २३-२४ ब्रिक्स (साखरेचं माप), शेनिनला २१ च्या आसपास. पण मी आकड्याबरोबर बीसुद्धा चावून बघतो. कच्ची बी हिरवट असते, दातात चिकटते आणि कडू लागते. पिकलेली तपकिरी होते, भाजलेल्या दाण्यासारखी कुडुम वाजते. गरम वर्षी साखर धावत येते आणि बी मागे राहते. थांबावं तर आम्ल जातं, तोडावं तर बी कच्ची. थंड वर्षी दोन्ही बरोबर पोचतात. माझ्या लेखी चांगलं साल म्हणजे हे.

एका जानेवारीत माझं चुकलं होतं. शेनिन साडेवीसला आलं होतं, आणखी अर्धा ब्रिक्स मिळेल म्हणून दोन दिवस थांबलो. रात्री पाऊस आला, तासभरच. सकाळी मोजलं तर १८. शेनिनचा घड गच्च असतो, आत शिरलेलं पाणी सुकत नाही. मणी एकमेकांना दाबून तडकले, तिसऱ्या दिवशी बागेत शिरताच आंबूस वास आणि चिलटं. तोडणीला आलेल्या मावश्या घड हातात घ्यायच्या आणि न बोलता खाली टाकायच्या. तेव्हापासून आभाळ आलं की मी अर्ध्या ब्रिक्सचा विचार करत नाही.

आपल्याकडे ऊन जास्त, थंडी बेताची हे बरोबर, पण थंड युरोपातही सुख नाही. फ्रान्समध्ये एप्रिल २०२१ ला बागा फुटल्यानंतर कडाक्याचं दव गोठलं, शेतकऱ्यांनी रात्रभर बागेत मेणबत्त्या पेटवून ठेवल्या तरी कोंब जळाले. २००३ ला उन्हाची अशी लाट आली की काही भागांत ऑगस्टमध्येच तोडणी करावी लागली. आणि डोळ्यात घड बसण्याचं काम तिथेही आदल्या वर्षीच्या उन्हाळ्यातच होतं, त्यामुळे तिकडच्या बाटलीवरच्या सालातही आदलं साल असतंच.

तेव्हा पुढच्या वेळी एखाद्या वायनरीत गेलात आणि कोणी साल सांगितलं, तर तोडणीच्या महिन्यात हवा कशी होती एवढंच विचारू नका. त्याआधीच्या मे महिन्यात ऊन होतं का ढग, ते विचारा. बागेत काम केलेला माणूस असेल तर तो तुमच्याशी तासभर बोलेल. आणि प्रत्यक्ष बघायचं असेल तर फेब्रुवारीत पहाटे पाचच्या आत या. माल थंड असतानाच क्रेट भरून गाडी हलवावी लागते, नाहीतर वाटेतच मणी फुटून रस आंबायला लागतो. नऊ वाजता आलात तर रिकामी बाग दिसेल.